गुरुत्वाकर्षण क्वांटम करायला नेमकं अडतं कुठे?

तळ्यातमळ्यात:
बीएस्सीनंतर फिजिक्स सुटलं पण वाचन चालू आहे. विद्युतचुंबकीय बलाचा क्वांटम सिद्धांत झाला, फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण मिळाला, मग तीच रीत गुरुत्वाकर्षणाला लावली, ग्रॅव्हिटॉन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा कण धरला, तर बिघडतं काय? जिथे बघावं तिथे 'क्वांटम आणि आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा, हे दोन्ही सिद्धांत जुळत नाहीत' एवढंच लिहिलेलं असतं, का ते कुणीच सांगत नाही. आणि अवकाशकाळ तुकड्यांचा बनलाय हे सिद्ध झालंय का?

अनंतमूळ:
अजिबात जुळत नाहीत हे खरं नाही. कमी ऊर्जेला ग्रॅव्हिटॉनचं गणित व्यवस्थित चालतं, न्यूटनच्या नियमात क्वांटममुळे किती फरक पडेल तेही काढलंय, फक्त तो इतका बारीक की मोजायची सोय नाही. अडतं ऊर्जा वाढवत नेल्यावर. फोटॉनच्या सिद्धांतातल्या इन्फिनिटी इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि चार्ज अशा मोजक्या आकड्यांत जिरवता येतात, ते आकडे प्रयोगातून घ्यायचे की झालं. इथे मात्र पुढे जाल तशी नवी इन्फिनिटी आणि ती जिरवायला नवा आकडा, असे अनंत आकडे मोजत बसलो तर सिद्धांत भाकीत कसलं करणार? १९७४ मध्ये टूफ्ट आणि वेल्टमन या भौतिकशास्त्रज्ञांना दिसलं की पदार्थ न घेता नुसतं गुरुत्वाकर्षण घेतलं तर एका लूपपर्यंत (लूप म्हणजे क्वांटम दुरुस्तीची एकेक पायरी) सगळं निभावतं, त्यामुळे आशा होती, पण पुढे गोरॉफ आणि साग्नोटी यांनी दोन लूपचं अवाढव्य गणित केलं आणि तिथे इन्फिनिटी आलीच.

सह्याद्री_रात्र:
वरचं बरोबर आहे, पण माझ्या मते खरी गाठ काळाची आहे. श्रोडिंगरच्या समीकरणात काळ बाहेरून आयता मिळतो, आइनस्टाइनकडे तोच काळ वस्तुमानाप्रमाणे हळू-जलद होतो. आता एक वस्तू एकाच वेळी दोन जागी आहे असं धरा, तिच्या शेजारच्या घड्याळाने कुठला वेग पाळायचा? फाइनमनने १९५७ सालीच चॅपल हिलच्या परिषदेत अशा वस्तूच्या गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा काढला होता. म्हणून मला लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या वेगळ्या सिद्धांताची वाट पटते, कारण तिथे अवकाशकाळ आधीच अंथरून ठेवलेला नसतो. १९८६ मध्ये अभय अष्टेकरांनी, म्हणजे आपल्या शिरपूरला जन्मलेल्या, आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली त्यावर हे सगळं उभं आहे, आणि त्यातूनच रोवेली आणि स्मोलिन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की क्षेत्रफळ टप्प्याटप्प्यानेच वाढतं.

मापनवेडा:
पण ते गणितात, निसर्गात कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे सिद्ध झालंय म्हणू नका. प्लांक लांबी, म्हणजे असे तुकडे असतील तर साधारण त्यांचा आकार, प्रोटॉनपेक्षा साधारण १० चा २० वा घात पट लहान आहे, कण आदळवणाऱ्या कोलायडरने तिथे पोचणं विसरा. फर्मी दुर्बिणीने २००९ मध्ये साधारण ७ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या स्फोटातला ३१ जीईव्हीचा, म्हणजे खूप जास्त ऊर्जेचा फोटॉन टिपला, तो कमी ऊर्जेच्या प्रकाशाच्या मागे पडला असेल तर फार तर सेकंदभर. म्हणजे 'जास्त ऊर्जेचा प्रकाश तुकड्यांत अडखळतो' ही सरळसोट कल्पना तरी बाद. मला आशा आहे ती २०१७ मध्ये सौगतो बोस वगैरेंनी सुचवलेल्या प्रयोगाची (मार्लेटो आणि वेड्रल यांनीही तेव्हाच तसंच सुचवलं). दोन सूक्ष्म हिरे, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी, मध्ये फक्त गुरुत्वाकर्षण, आणि बघायचं की ते एन्टँगल होतात का, म्हणजे त्यांच्या अवस्था क्वांटम रीतीने एकमेकींत गुंततात का.

तळ्यातमळ्यात:
भारी! म्हणजे झाले तर ग्रॅव्हिटॉन सापडला?

मापनवेडा:
नाही, तेवढं नाही. गुरुत्वाकर्षण निव्वळ क्लासिकल (क्वांटम नसलेलं) नाही एवढं कळेल, त्याचा अर्थ किती ताणायचा यावर वाद चालूच आहे. आधी हिरा दोन जागी पुरेसा वेळ टिकवायला हवा, घोडं तिथेच अडलंय.