ख्रिस्ती विश्वास समजून घ्यायचा असल्यास सुरुवात कुठून करावी?

विश्रामबागकर :
आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी आग्रहाने बोलावले म्हणून यंदा गुड फ्रायडेला त्यांच्यासोबत मिरजेच्या चर्चमध्ये गेले होते. दुपारी बारा ते तीन अशी ती उपासना होती आणि वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर एकेक वक्ता बोलत होता. त्यांपैकी ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा उद्गार ऐकून मी चक्रावले, कारण ज्याला ही मंडळी देव मानतात तोच देवाने आपल्याला टाकले असे म्हणतो आहे, आणि आजूबाजूच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. काकूंकडून नवा करार वाचायला आणला, तर त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या, मत्तयाच्या, पहिल्याच पानावर अब्राहाम या पूर्वजापासूनची येशूची वंशावळ लागली आणि वाचन तिथेच अडले. धर्म बदलण्याचा विचार नाही. आमच्या घरात वारी आहे आणि ती राहीलच. सासूबाईंना मात्र हे वाचन पाहून काळजी वाटू लागली आहे. सुरुवात कुठून करावी, आणि शंका विचारलेल्या या लोकांना चालतात का?

रविवारशाळा :
ताई, वंशावळ तूर्त बाजूला ठेवा आणि मार्ककृत शुभवर्तमान घ्या. शुभवर्तमाने म्हणजे नव्या करारातली येशूचे जीवन सांगणारी चार पुस्तके: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे आहे; एका दुपारी सहज वाचून होते आणि शक्यतो ते एका बैठकीतच वाचावे. वाचताना ‘हा कोण आहे?’ हा प्रश्न कोण कोण विचारते तेवढे पाहत जा. शिष्य विचारतात, विरोधक विचारतात, आणि आठव्या अध्यायात येशू स्वतःच शिष्यांना विचारतो. पेत्र नावाचा शिष्य बरोबर उत्तर देतो आणि पुढच्या काही ओळींतच येशूचे खडे बोल ऐकतो, कारण या ख्रिस्ताला दुःख सोसावे लागेल हे त्याला पटत नाही. आपल्याला जे खटकले तेच त्यालाही खटकले होते.

ते सात उद्गार कोणत्याही एका शुभवर्तमानात सलग नाहीत. तीन लूकमध्ये आहेत, तीन योहानात, आणि आपण विचारता तो मत्तय आणि मार्क यांच्यात. मार्कमध्ये तर वधस्तंभावरून येशूने काढलेला तेवढा एकच शब्दबद्ध उद्गार आहे. तो बायबलच्या जुन्या करारातील बाविसाव्या स्तोत्राचा पहिला चरण होय. ते स्तोत्र आक्रोशाने सुरू होऊन स्तुतीकडे जाते, म्हणून काही जण त्या उद्गारातही शेवटचा भरवसा गृहीत धरतात. मला ती वाट जरा सोपी वाटते. आक्रोश हा आक्रोशच राहू द्यावा. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे सूत्र चर्चने इसवी सन ४५१ मध्ये खाल्सेदोन येथील धर्माधिकाऱ्यांच्या परिषदेत नेमक्या शब्दांत मांडले, परंतु त्या सूत्राकडे मार्क वाचून झाल्यावरच वळावे.

शंकांचे म्हणाल तर अवश्य विचारा. ज्याला शंकेचा राग येतो त्याच्याकडे शिकायला जाऊ नये, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

अजिंक्यतारा :
मी ख्रिस्ती नाही, साताऱ्यात राहतो आणि हे वाचन हौसेने केलेले आहे. वारीच्या घरातल्या माणसाने मार्कच्या आधी लूकचा पंधरावा अध्याय वाचावा, असे माझे मत आहे. धाकटा मुलगा वाटणी उधळून घरी परततो आणि बाप आनंदाने मेजवानी देतो, ही उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, पण तिचा खरा काटा थोरल्या मुलात आहे. तो शेतातून येतो, घरातला वाद्यांचा आवाज ऐकतो, चाकराकडे चौकशी करतो आणि रागाने आत जायचे नाकारतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. पुढे तो आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. नित्यनेम सांभाळणाऱ्या कोणालाही ही गोष्ट झोंबावी अशीच आहे.

दुसरे, मराठी कवी नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतला, परंतु तुकोबांना सोडले नाही; ख्रिस्तावर अभंग रचले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ च्या सुमारास, मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांना जागा होती. आपला प्रश्न या जिल्ह्यांत शंभर वर्षांपूर्वीही विचारला गेला होता, एवढे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एका गटाच्या सभेला गेलो असता पहिल्याच भेटीत माझ्यापुढे नाव-पत्त्याचा कागद सरकवण्यात आला आणि मी विचारलेला प्रश्न तसाच राहिला. अशा ठिकाणी पुन्हा जाऊ नये.

वसईकर सांगलीत :
मी कॅथलिक आहे. वरील दोघांनी वाचनावर भर दिला आहे, पण आमचा विश्वास पुस्तकापेक्षा उपासनेत अधिक लवकर उमगतो, असे मला वाटते. एखाद्या रविवारी मिस्साला, म्हणजे आमच्या सामुदायिक उपासनेला, येऊन मागच्या बाकावर बसावे. ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी रांग लागते, तेव्हा आपण जागेवरच बसून राहावे; कोणी वाईट वाटून घेणार नाही. धर्मांतराची भीती असेल तर एवढेच सांगतो की, आमच्याकडे प्रौढ व्यक्तीला बाप्तिस्म्यापूर्वी बराच काळ तयारी करावी लागते आणि तो विधी बहुधा ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, जागरणरात्री होतो. नकळत कोणी ख्रिस्ती होत नाही.

विश्रामबागकर :
सर्वांचे आभार. मार्क वाचून झाले, पण शेवट विचित्र वाटला. कबर रिकामी पाहून स्त्रिया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. त्यानंतरचा मजकूर कंसात का आहे?

रविवारशाळा :
कारण सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच संपते. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे मी वर्गातही लपवत नाही. पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मरणातून उठल्याची, साक्ष याहून जुन्या लेखनात पाहायची असेल, तर आरंभीच्या चर्चचा प्रेषित पौल याचे नव्या करारातले करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय पंधरावा वाचावा. ते साधारण इसवी सन ५५ च्या आसपासचे, म्हणजे शुभवर्तमानांच्याही आधीचे आहे. ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची यादी पौल तिथे देतो आणि तो उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असे स्वतःच लिहून टाकतो. तो अध्याय काकूंसोबत बसून वाचा, आणि जिथे पटणार नाही तिथे त्यांना तसे सांगा.