शब्दचर्चा : 'सरासरीइतका पाऊस' म्हणजे नक्की किती?

हंगाम संपला की दरवर्षी बातमी येते, 'यंदा सरासरीइतका पाऊस', आणि त्याच पानावर खाली कुठल्यातरी तालुक्यात टँकर सुरू झाल्याची चौकट असते. मग लोक म्हणतात हवामान खात्याचे आकडे खोटे. मला आकड्यापेक्षा शब्दाचाच संशय येतोय. सरासरी, सामान्य, समाधानकारक हे तिन्ही शब्द बातमीत एकमेकांच्या जागी बिनधास्त फिरतात, ते एकच आहेत का? आणि 'सरासरी १०६ टक्के पाऊस' हे वाक्य तरी बरोबर आहे का?

— 'सरासरी १०६ टक्के' चूकच. 'सरासरीच्या १०६ टक्के' पाहिजे, एक 'च्या' गळला की सगळा अर्थ गेला. त्याहून भारी म्हणजे 'सरासरीपेक्षा ९४ टक्के पाऊस', असंही छापून येतं. अहो, पेक्षा म्हटलं की जवळजवळ दुप्पट झाला की! झालेली असते ६ टक्के तूट. 'समाधानकारक' हा शब्द खात्याच्या वर्गवारीत नाहीच, तो बातमीदाराच्या पदरचा.

— सरासरी हा एक आकडा आहे आणि सामान्य हा पट्टा आहे, घोळ इथेच होतो. देशाचा जून ते सप्टेंबरचा दीर्घकालीन सरासरी पाऊस सध्या ८७ सेंमी धरतात, तो १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलाय. त्याच्या ९६ ते १०४ टक्क्यांत हंगाम बसला तर सामान्य, १०४ च्या वर ११० पर्यंत सामान्यपेक्षा जास्त, ९६ च्या खाली ९० पर्यंत सामान्यपेक्षा कमी, आणि ९० च्याही खाली गेला तर अपुरा. पण हे फक्त अख्ख्या देशासाठी हां. जिल्ह्याला हाच 'सामान्य' शब्द वापरतात तेव्हा पट्टा उणे १९ ते अधिक १९ टक्के असा ऐसपैस होतो. समजा एखाद्या जिल्ह्याची सरासरी ६०० मिमी आहे, तर तिथे ४८६ मिमी पडला तरी सामान्य आणि ७१४ पडला तरी सामान्य! मधे सव्वादोनशे मिमीचा फरक, विहिरींना तो बरोब्बर कळतो, नकाशावर मात्र दोन्ही वर्षी रंग एकच. म्हणजे नोंद खोटी नाहीये, शब्द फार मोठ्या मापाचा शिवलाय.

— बाप रे, १९ टक्के तूट आणि तरी सामान्य? हे माहीतच नव्हतं. म्हणजे देशाचा 'सामान्य' वेगळा आणि जिल्ह्याचा वेगळा, आणि बातमी दोन्हीकडे एकच शब्द लिहिणार. छान.

— त्यात अजून एक. ही सरासरीसुद्धा जागची हलते. आधी १९६१ ते २०१० धरून ती ८८ सेंमी होती, त्याच्या आधी १९५१ ते २००० धरून ८९. म्हणजे तेवढाच पाऊस पडला तरी नव्या मापाने तो थोडा 'चांगला' दिसणार. यात लबाडी नाही, ठराविक वर्षांनी माप बदलायची रीत जगभर आहे, फक्त जुन्या अहवालातले टक्के नव्याशेजारी ठेवून तुलना करू नका, मिलिमीटर ठेवा.
आणि हंगामाच्या बेरजेत मधले खड्डे बुजून जातात ते वेगळंच. २०२३ चा ऑगस्ट आठवा, पावसाने अशी दडी मारली की देशभरात ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पण जुलै आणि सप्टेंबर सरासरीच्या ११३-११३ टक्के, त्यामुळे हंगाम निघाला ९४ टक्के. ऑगस्टात करपलेल्या सोयाबीनला सप्टेंबरच्या ११३ चा काय उपयोग? यासाठी आपल्याकडे चांगले शब्द आहेत, 'ओढ दिली', 'खंड पडला', 'उघडीप'. त्यातली उघडीप हवीशी असते आणि ओढ नकोशी, बातमीत दोन्ही सारखे वापरतात ते मला खटकतं.

— 'पावसाचा दिवस' पण घ्या चर्चेला. आपण दोन थेंब पडले तरी म्हणतो आज पाऊस झाला. खात्याच्या हिशोबात २४ तासांत किमान २.५ मिमी लागतो. आणि ते २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ! मंगळवारी रात्री झोडपलं तर नोंद बुधवारच्या तारखेला लागते. २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, आपण सगळे २६ जुलै म्हणतो, मोजणी मात्र २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतची आहे. त्याच २४ तासांत कुलाब्याला १०० मिमीसुद्धा नाही. आता सांगा 'मुंबईत किती पाऊस झाला' याचं एक उत्तर काय देणार?

— तापमानाचीही हीच गत. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश दिसले आणि लगेच 'देशातला विक्रम' म्हणून बोंब झाली. नंतर खात्यानेच तपासून सांगितलं की तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. कच्चं वाचन आणि पक्की नोंद यात फरक करायला हवा, आपण दोन्हीला 'नोंद' म्हणून मोकळे होतो. (उष्णतेला 'विक्रम' म्हणणं मला तरी विचित्र वाटतं, तिने काय पराक्रम केला? उच्चांक म्हणा.)

— तुटीच्या बाजूचे शब्द तर अजून गुळगुळीत. हवामान खात्याने २०१६ पासून आपल्या वर्गवारीतून 'दुष्काळ' शब्द काढला, आता 'अपुरा'. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पाऊस मोजणं त्यांचं काम, दुष्काळ जाहीर करणं राज्य सरकारचं. पण सरकारकडे आहे 'दुष्काळसदृश परिस्थिती'. हे 'सदृश' ज्याने घुसवलं त्याला सलाम, दुष्काळ आहेही आणि नाहीही.

— धन्यवाद सगळ्यांना, बरंच सुटलं. मग बातमीत 'सामान्य'ऐवजी काय लिहावं? 'नेहमीइतका' चालेल?

— नको, 'नेहमीइतका' म्हटलं की परत एकच आकडा डोळ्यासमोर येतो. 'सामान्य' राहू द्या पण पुढे मिमी आणि टक्का लिहा, 'जिल्ह्यात ४९८ मिमी, सरासरीपेक्षा १७ टक्के कमी, खात्याच्या वर्गवारीत सामान्य'. आणि सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा पडला तेही त्याच ओळीत टाका.