प्रति: नमपॅडसाठी चुंबक आणि पोगो पिना

कीबोर्डचा नमपॅड (आकड्यांच्या बटणांचा भाग) वेगळा करून चुंबकाने चिकटवायचा आणि वीज-डेटा पोगो पिनांमधून, म्हणजे स्प्रिंगवर दबणाऱ्या संपर्क-पिनांमधून न्यायचा, ही वरच्या पोस्टमधली सूचना मलाही पटते. पण 'चार पिना ओळीत लावल्या की झालं' हे मान्य नाही. चालू कीबोर्डला भाग जोडताना कुठली पिन आधी टेकते, हे फार महत्त्वाचं. यूएसबी-एचा प्लग जवळून बघा: कडेच्या दोन पट्ट्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, म्हणून आधी टेकतात. आपणही निदान ग्राउंडची पिन लांब घ्यावी. स्प्लिट कीबोर्डांचे दोन तुकडे जोडणाऱ्या टीआरआरएस जॅकमध्ये (हेडफोनसारखा, चार संपर्कांचा गोल जॅक) ही सोयच नाही. प्लग सरकताना त्याची कडी भलत्याच संपर्कांना टेकत जाते आणि शॉर्ट होऊ शकतो. म्हणून ती केबल मी यूएसबी काढल्याशिवाय हलवत नाही.

आणि नमपॅड काढून ठेवल्यावर काय? मुख्य बोर्डाच्या कडेला ५ व्होल्ट उघडे, शेजारी चुंबक. टेबलावरची स्टेपलरची पिन तो हमखास ओढून घेणार, तीही नेमकी संपर्कांवर. तेव्हा स्प्रिंगच्या पिना नमपॅडवर ठेवा, मुख्य बोर्डावर खोलगट बसवलेले सपाट पॅड द्या, आणि ५ व्होल्टच्या वाटेत एक पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) घालाच.