मदत हवी आहे: आईच्या मेंदूतील अॅन्युरिझम, क्लिपिंग की कॉइलिंग?

नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६२, बीपीची गोळी चालू) एमआर अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या एमआरआयत) मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा (अॅन्युरिझम) दिसलाय. फुटलेला नाही. जागा अँटिरिअर कम्युनिकेटिंग आर्टरी (मेंदूच्या पुढच्या भागात डाव्या-उजव्या रक्तवाहिन्यांना जोडणारी छोटी वाहिनी), आकार ७ मिमी, मान (फुग्याचं तोंड) ४ मिमी, म्हणजे 'वाइड नेक', रुंद मानेचा. कॉइलिंगमध्ये रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुग्यात बारीक तारेची वेटोळी (कॉइल) भरतात, पण मान रुंद असल्याने नुसती कॉइल बाहेर सरकू शकते. तिला अडवायला स्टेंट (जाळीची नळी) घातला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आल्या. क्लिपिंगला, म्हणजे फुग्याच्या मानेला बाहेरून चिमटा लावायला, कवटी उघडावी लागते. फेजेस स्कोअर वय, बीपी, आकार, जागा धरतो, पण तो फुटण्याचा धोका सांगतो, ऑपरेशनचा नाही. आमचं घोडं इथेच अडलंय. फुग्याची दिशा आणि शेजारच्या बारीक फांद्या पाहून सुरक्षित पद्धत कशी ठरवतात? निर्णयाआधी डीएसए (नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे एक्स-रे काढायची तपासणी) करून घ्यावी का? पुण्या-मुंबईत दोन्ही पद्धती करणाऱ्या टीमचा अनुभव असेल तर कृपया सांगा. आई फार घाबरली आहे.