उत्तर वेल्समध्ये चित्रं आणि जुनी पोर्सिलेन बघायला लानबेद्रोग, की अजून कुठे?

मातीगंध:
सप्टेंबरमध्ये आई इकडे येतेय, तिला घेऊन वेल्सला जायचं चाललंय. गडकिल्ले आणि डोंगर तिच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत पण चित्रं आणि जुनी भांडी म्हटलं की ती तासन्‌तास उभी राहते. लिन द्वीपकल्पावर लानबेद्रोग गावात प्लास ग्लिन-अ-वेदू म्हणून गॅलरी आहे, तिथे गावाकडच्या चित्रकारांची प्रदर्शनं असतात आणि जुन्या वेल्श पोर्सिलेनचा, म्हणजे पातळ पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचा, संग्रहपण आहे असं कळलं. एवढ्या टोकाला जाण्यासारखं आहे का? आणि पोर्सिलेनमध्ये नेमकं काय बघायचं, मला तर सगळ्या फुलाफुलांच्या बश्या सारख्याच दिसतात.

रानवारा:
जाच! घर 1857 चं, व्हिक्टोरियन गॉथिक, आत उंच लाकडी छत आणि मोठा जिना. 1896 मध्ये कार्डिफच्या सॉलोमन अँड्र्यूज नावाच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं आणि लोकांसाठी गॅलरी सुरू केली, शिवाय जवळच्या पुलहेली गावाहून थेट इथपर्यंत घोड्यांची ट्राम टाकली, ती 1927 च्या वादळात गेली. आता प्रवेश फुकट आहे. मला सगळ्यात आवडतं ते हे की वरच्या-खालच्या खोल्यांमध्ये आजच्या वेल्श कलाकारांची चित्रं लावलेली असतात, विकायलापण असतात, आणि त्याच घरात दोनशे वर्षांपूर्वीची स्वॉन्झी आणि नांटगारूची पोर्सिलेन आहे. आईला एखादं चित्र फारच आवडलं तर वेल्समधल्या बऱ्याच गॅलऱ्यांमध्ये कलेक्टरप्लॅन चालतो, म्हणजे बिनव्याजी कर्ज घेऊन पैसे महिन्यामहिन्याने फेडायचे, तेव्हा काउंटरवर विचारा.

भट्टीवाली:
मी स्वतः चाकावर काम करते त्यामुळे नांटगारूवर जरा लांबच लिहिणार आहे, चालवून घ्या. विल्यम बिलिंग्जली हा इंग्लंडमधल्या डर्बीच्या पोर्सिलेन कारखान्यात नाव कमावलेला, भांड्यांवर फुलं रंगवणारा. त्याने 1813 मध्ये जावई सॅम्युअल वॉकरला घेऊन कार्डिफच्या वर नांटगारूला भट्टी घातली. त्याला इतकी पांढरी आणि आरपार उजेड जाणारी पोर्सिलेन हवी होती की तिची माती भट्टीत जवळजवळ वितळायच्या बेतात न्यावी लागायची, उष्णता थोडी जास्त झाली की ताट बसलंच. दहातली नऊ भांडी भट्टीतच वाया जायची असं म्हणतात. पैसे संपले, मग 1814 मध्ये दोघं स्वॉन्झीला डिलविन नावाच्या मालकाच्या भांड्यांच्या कारखान्यात गेले, 1817 मध्ये परत नांटगारू, आणि 1820 मध्ये सगळं सोडून इंग्लंडमधल्या कोलपोर्टच्या पोर्सिलेन कारखान्यात. म्हणजे जे काही कपाटात दिसतं ते सगळं एवढ्या थोड्या वर्षांतलं, आणि त्यातलंही भट्टीतून वाचलेलं! म्हणून मला ते ताट बघताना नुसतं सुंदर वाटत नाही, गलबलून येतं.

आता सारखं दिसतं म्हणालात त्याबद्दल. आधी फुलं बघूच नका, पांढरा भाग बघा. नांटगारू दुधासारखी स्वच्छ पांढरी, आणि स्वॉन्झीची जी चांगली प्रत आहे तिला उजेडात किंचित हिरवट झाक असते, बदकाच्या अंड्यासारखी. मग कड बघा, नांटगारूच्या बऱ्याच ताटांच्या कडेला वेलबुट्टी मातीतच उठवलेली असते, रंगाने काढलेली नाही. गुलाब सगळ्यात शेवटी. बिलिंग्जलीच्या पद्धतीत पाकळीवर रंग भरपूर लावायचा आणि ओला असतानाच ब्रशने पुसून उचलायचा, जिथे उचलला तिथे पाकळीवर ऊन पडल्यासारखं दिसतं. पण प्रत्येक गुलाब त्याने रंगवला असं समजू नका, खूप ताटं कोरी लंडनला गेली आणि तिथे रंगवली गेली.

पाऊसवेडा:
लानबेद्रोग छान आहे पण मी जरा वेगळं म्हणतो. नाजूक पोर्सिलेन श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलासाठी होती, साध्या लोकांच्या घरात काय होतं ते बघायचं तर दक्षिणेला लानेलीच्या पार्क हॉवर्ड म्युझियममध्ये जा. तिथल्या पॉटरीची, म्हणजे भांड्यांच्या कारखान्याची, कोंबडा रंगवलेली ताटं, झपझप ओढलेले चार फटकारे आणि कोंबडा तयार, काय जिवंत आहे तो! ही पॉटरी 1839 ते 1922 चालली आणि तिचा मोठा संग्रह त्याच गावात राहिलाय, हे मला फार मोलाचं वाटतं.

भट्टीवाली:
@पाऊसवेडा कोंबड्यावर माझंही प्रेम आहे हो, पण त्यांच्या आईंना उत्तरेतून लानेलीपर्यंत आणायचं म्हणजे दिवस प्रवासातच जाईल. त्यापेक्षा मधे अ‍ॅबरिस्टविथ करा. तिथल्या आर्ट्स सेंटरमध्ये विद्यापीठाचा सिरॅमिक्स म्हणजे भाजलेल्या मातीच्या भांड्यांचा संग्रह आहे, बर्नार्ड लीच, हामादा, मायकल कार्ड्यू अशा विसाव्या शतकातल्या नावाजलेल्या कुंभारांची कामं. मध्य वेल्समधल्या ग्रेगिनॉग वाड्याच्या श्रीमंत, कलाप्रेमी डेव्हिस बहिणींच्या पैशातून 1920 आणि 30 च्या दशकांत घेतलेली भांडी त्याचा गाभा आहेत. जाड, मातकट, हाताचा दाब दिसणारी भांडी, पोर्सिलेननंतर बघितली की दोन्ही जास्त कळतात.

मातीगंध:
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आईला वाचून दाखवलं आणि ती आत्ताच निघायला तयार आहे. ट्रेनने जमेल का, मी गाडी चालवत नाही. आणि भांडी काचेच्या कपाटात असणार, मग आरपार उजेड कसा दिसणार?

रानवारा:
ट्रेनने आरामात जमतं. श्रूजबरीहून येणाऱ्या लाइनला डोवी जंक्शनला दोन फाटे फुटतात, एक अ‍ॅबरिस्टविथ आणि दुसरा समुद्राच्या कडेकडेने पुलहेली. पुलहेलीहून लानबेद्रोगला बस आहे पण रविवारचं टाइमटेबल आधी बघा. गॅलरीपासून खाली बीचवर जाता येतं, पण परत येताना चढ आहे, आईंना सांभाळून.

भट्टीवाली:
कपाटात दिवा मागून किंवा वरून असेल तर थोडं वाकून ताटाच्या पातळ कडेकडे तिरकं बघायचं, तिथे उजेड सगळ्यात आधी झिरपतो. आणि तिथल्या माणसांना सरळ विचारा, आपल्या गावातल्या संग्रहाबद्दल कोणी मनापासून विचारलं की ते हातचं काम सोडून सांगायला येतात.