काळोख्या भविष्याच्या कादंबऱ्या आणि आपली मुलं : तुमचे अनुभव लिहा

मुलं बारा-तेराची झाली आणि डिस्टोपियन, म्हणजे अशा काळोख्या भविष्याच्या, कादंबऱ्या मागू लागली की घरात दोन तट पडतात. एकाला वाटतं, एवढ्यात हे काळंकुट्ट कशाला? दुसरा म्हणतो, बातम्या काय कमी काळ्या असतात, वाचू दे की. मी दुसऱ्या तटातली. अट एकच, घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने तेच पुस्तक वाचायचं. नुसत्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. कुठलं पुस्तक, कुठल्या वयात, आणि वाचून झाल्यावर घरात काय बोलणं झालं ते लिहा. कथानक थोडं उघड झालं तरी चालेल.

आई, डोंबिवली

लोइस लोरी यांचं 'द गिव्हर' (१९९३). लेक सातवीत असताना दिलं. कादंबरीतल्या वस्तीत भूक नाही, भांडणं नाहीत, आणि रंगही नाहीत. पण रंग नाहीत हे लेखिका बराच वेळ सांगतच नाही. जोनास हा नायक मित्राबरोबर सफरचंदाची फेकाफेक करत असतो आणि हवेतलं सफरचंद क्षणभर बदलतं, एवढंच लिहिते. काय बदललं ते त्यालाही कळत नाही. लेक पुस्तक हातात धरूनच स्वयंपाकघरात आली, "आई, त्याला लाल दिसलं असणार!" तोवर पुस्तकात याचा उलगडा झालेला नव्हता.

जड जातं ते पुढचं. जोनासचे वडील नवजात बाळांची देखभाल करणारे, प्रेमळ. जुळ्यांपैकी वजनात कमी भरलेल्या बाळाशी लाडे लाडे बोलत ते त्याला सुई टोचतात आणि बाळ निपचित पडतं. "बाबांना माहीत होतं का, आपण काय करतोय ते?" असं लेकीने विचारलं. आम्ही दोघी त्यावर अजून बोलतो. जोनास वस्तीतून पळून जातो आणि शेवट मोकळा सोडलाय. तो सुखरूप पोचला असं ती म्हणायची, मला तसं वाटत नव्हतं. याच मालिकेतली पुढची पुस्तकं वाचल्यावर वाद तिच्या बाजूने सुटला.

शिक्षक, लातूर जिल्हा

सुझॅन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८). आमच्या मुलांना इंग्रजी जड जातं, म्हणून मी नववीला रोज थोडी थोडी मराठीत सांगितली. तिथे दरवर्षी सोडत काढून मुलं निवडतात आणि त्यांना मरेपर्यंत एकमेकांशी लढायला लावतात. त्या मारामारीत वर्गातली मुलं रमणारच. पण वर्ग गप्प झाला तो चिठ्ठ्यांच्या हिशोबाला. बाराव्या वर्षी सोडतीत तुमच्या नावाची एक चिठ्ठी, पुढे दरवर्षी एक वाढते. घरात धान्य नसेल तर आणखी चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या बदल्यात वर्षभराचं थोडं धान्य-तेल घ्यायचं, घरातल्या माणशी एक. याही चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. सोळाव्या वर्षी नायिका कॅटनिसच्या वीस चिठ्ठ्या होतात, अठराव्या वर्षी तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. फळ्यावर हा हिशोब मुलांनीच केला. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या मुलांना यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे ज्याच्या घरी जास्त माणसं, तोच आधी मरणार." सिनेमा दाखवण्याआधी पुस्तक सांगा, ही कळकळीची विनंती. हा हिशोब पुस्तकातच नीट पोचतो.

एमएचा विद्यार्थी, नागपूर

मॅलरी ब्लॅकमन यांचं 'नॉट्स अँड क्रॉसेस' (२००१) इथे कुणी सुचवत नाही, म्हणून लिहितो. त्या जगात सत्ता काळ्या 'क्रॉस' लोकांची, आणि गोरे 'नॉट' खालचे. एका नॉट मुलीला जखम होते, तिच्या गोऱ्या कपाळावर गडद तपकिरी पट्टी असते, कारण पट्ट्या त्याच रंगाच्या मिळतात. मी तिथे थांबलो. आमच्या वस्तीतल्या मुलांना वर्गात रोज असं किती काय दिसतं, आणि बाकीच्यांना ते दिसतही नाही! भेदभावावरची भाषणं ऐकून मी मोठा झालो, पण त्या पट्टीने जे केलं ते कुठल्या भाषणाने केलं नाही. शेवट फार क्रूर आहे. पंधराच्या आत देऊ नका.

वडील, पुणे

मी सावधगिरीचं सांगतो. नील शुस्टरमन यांचं 'अनवाइंड' (२००७) ताकदीचं आहे, यात शंका नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आईवडील अवयवांसाठी 'सुटं करायला' देऊ शकतात, असा तिथला कायदा. एक प्रकरण शस्त्रक्रियेचं आहे, मुलगा पूर्ण शुद्धीवर. रक्ताचा थेंब न दाखवताही ते सोसत नाही. आमची मुलगी दत्तक आहे. नको असलेली मुलं दुसऱ्याच्या दारात ठेवणं हा या कादंबरीतला मोठा धागा आहे, म्हणून मी आधी एकट्याने वाचलं आणि आमच्या घरात ते थोडं पुढे ढकललं. तिला तसं सांगूनच. ती म्हणाली, "बाबा, सोळाव्या वाढदिवसाला द्या." देणार आहे.

अकरावीतला वाचक, नाशिक

मोठ्यांनी लिहिलंय, आता माझं. पॅट्रिक नेस यांचं 'द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो' (२००८) वाचा. त्या गावात प्रत्येक पुरुषाच्या मनातलं सगळ्यांना ऐकू येतं, कुत्र्याच्याही. नायक टॉडचा मांची हा कुत्रा सुरुवातीला फक्त शी-शूचंच बोलतो आणि हसू येतं. पुढे त्याचं जे होतं त्यानंतर मी पुस्तक काही दिवस बाजूला ठेवलं होतं. तीन भाग आहेत, तिन्ही हाताशी ठेवा, कारण पहिला भाग भलत्याच ठिकाणी तोडलाय. आणि मराठीत अशी ताजी कादंबरी कुठे आहे? नारळीकरांचं 'वामन परत न आला' आजोबांच्या कपाटात मिळालं, आवडलं. पण माझ्या वयाचा नायक असलेलं हवंय. कुणाला माहीत असेल तर नाव लिहा.