‘दवबिंदू’ म्हणजे थेंब की तापमान?

प्रश्न : शिकाऊ वैमानिकांसाठी हवामानशास्त्राची टिपणे मराठीत लिहिताना ‘दवबिंदू’ या शब्दापाशी मी अडलो आहे. ‘दवबिंदू १७ अंश’ हे वाचून एका विद्यार्थ्याने गवतावरच्या दवाचे तापमान १७ अंश आहे, असा अर्थ लावला. शब्द बदलावा की खुलासा करून तोच ठेवावा?

उत्तर : त्या विद्यार्थ्याची चूक शब्दानेच घडवली आहे, असे माझे मत आहे. ‘बिंदू’चे मराठीत दोन अर्थ आहेत : एक थेंब आणि दुसरा ठरावीक स्थान किंवा टप्पा. ‘उत्कलनबिंदू’ म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे थेंब येत नाही, कारण उत्कलन ही क्रिया आहे आणि क्रियेचा थेंब होत नाही. दव मात्र थेंबांच्याच रूपात दिसते, आणि रोजच्या भाषेत ‘दवबिंदू’ हा शब्द थेंबासाठीच रुळलेला आहे; त्यामुळे तिथे पहिला अर्थ दुसऱ्याला पुढे येऊच देत नाही. त्यातही ‘दवबिंदूचे तापमान’ असे षष्ठी लावून लिहिले की घोटाळा पुरा होतो. ‘दवबिंदू तापमान’ ही जोडरचना त्यामानाने बरी. तरी द्रवणांक, उत्कलनांक यांच्या पंक्तीत सहज बसणारा ‘दवांक’ मला अधिक पसंत आहे.

अर्थ असा : हवेतील बाष्प आणि दाब तेवढाच ठेवून ती थंड करत नेली, तर ज्या तापमानाला ती बाष्पाने संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही, तो तिचा दवांक. चकचकीत धातूच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडा थोडा बर्फ घालत ढवळत राहावे; पेल्याची बाहेरची चकाकी ज्या क्षणी मंदावते, त्या क्षणी पाण्यातील तापमापी जो आकडा दाखवते, तो जवळजवळ त्या खोलीतील हवेचा दवांक असतो. डोळ्यांना दिसणारे थेंब त्यानंतर जमतात.

वैमानिकाला हा आकडा एकटा फारसा उपयोगी नसतो, तापमानाशी असलेले त्याचे अंतर महत्त्वाचे असते. मेटार या हवामान-संदेशात ‘१८/१७’ असे दिसले, म्हणजे तापमान १८ आणि दवांक १७ असला, आणि रात्र निरभ्र व वारा मंद असेल, तर धुक्याची शक्यता गृहीत धरूनच बेत आखावा. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की विमानचालनात त्याला धुके म्हणतात. त्याहून विरळ असेल तर वेगळे नाव आहे. दुपारी उष्णतेने वर चढणाऱ्या हवेतून बनणाऱ्या ढगांचा तळही याच अंतरावरून अंदाजता येतो : अंशाला सुमारे ४०० फूट. तापमान ३० आणि दवांक १७ असेल, तर तळ जमिनीपासून साधारण ५२०० फुटांवर येतो.

प्रतिप्रश्न : ‘दवांक’ वाचून विद्यार्थ्याला ती आर्द्रतेची टक्केवारी वाटणार नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे, म्हणून आकड्यापुढे ‘अंश सेल्सिअस’ न चुकता लिहावे. दोहोंतला फरक वरच्याच आकड्यांवरून दाखवता येईल. दवांक दिवसभर १७ राहिला, तरी १८ अंशांच्या सकाळी सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला वाटा) सुमारे ९४ टक्के आणि ३० अंशांच्या दुपारी सुमारे ४६ टक्के भरते. बाष्प तेवढेच होते, हवा मात्र तापली. टक्केवारी पाहणाऱ्याला दुपारी हवेतले बाष्प निम्मे झाल्यासारखे वाटते. दवांक पाहणाऱ्याची ही फसगत होत नाही. क्रियापदेही जपून वापरावीत : दवांक ‘पडत’ किंवा ‘जमत’ नाही, तो चढतो किंवा उतरतो, पडते ते दव. ‘पहाटे तापमान दवांकाला टेकले आणि धावपट्टी धुक्यात गेली’ असे वाक्य टिपणात घातले, तर तिथे थेंबाचा अर्थ लावायला जागाच उरत नाही.